दुहेरी मुलाम्याचा किताब

गणपतीत डब्लिनहून घरी आले की माझा एक दिवस मामांसाठी राखलेला असतो. मामा जालन्याला राहतात. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. मी डब्लिनला हिशेबतपासणीचं काम करते. यंदा त्यांनी मला भोकरदनच्या बाजूला, असईला नेलं आणि केळणेच्या काठावर उभं केलं. नदीच्या एका अंगाला पिंपळगाव, दुसऱ्या अंगाला वरूड. इथे उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. पण दोन काठांवर दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील, तर माणसांना ये-जा करायला उतार असलाच पाहिजे, एवढ्या एका तर्कावर चौतीस वर्षांच्या आर्थर वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी फौज पाण्यात घातली. मामा हे सांगताना हात असे पुढे करत होते, जणू पाणी त्यांनाच ओलांडायचं आहे.

संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली. आतून नाण्यांची डबी आणि भिंग आणलं. मग जे बोलणं सुरू झालं ते जेवणाच्या हाका दोनदा येऊन गेल्या तरी थांबलं नाही. आठवतं तसं इथे लिहिते आहे.

मामा : असईची लढाई कशापायी झाली असं विचारलं की मुलं वसईचा तह सांगतात. ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव, तैनाती फौज. ते खरंच आहे. पण त्या लढाईचं एक मूळ मला कलकत्त्यात दिसतं, एका माणसाच्या दुखावलेल्या मानात. आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली तेव्हा गव्हर्नर जनरल. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. याला वाटलं, आता इंग्लंडचा मोठा किताब येणार. आला तो मार्क्विसचा किताब, पण आयर्लंडच्या उमरावांतला. त्याने अंथरूण धरलं. पंतप्रधान पिटला पत्र लिहिलं आणि त्यात त्या किताबाला दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटलं. असा माणूस पुढची मोठी कामगिरी शोधणार नाही तर काय करणार? आणि मोठी कामगिरी म्हणजे तेव्हा एकच उरली होती, मराठे.

मी : मामा, बटाट्याची गोष्ट खरी आहे. पण माणूस एवढा चिडतो तेव्हा मी आधी त्याची खातेवही बघते. रिचर्डची खातेवही लहानपणापासून तांबडी होती.

मामा : उमरावाचा पोरगा तो!

मी : उमरावाचाच, पण कर्जबाजारी उमरावाचा. तुम्हाला मुळापासून सांगते. ही मंडळी मुळात वेलस्ली नव्हतीच. यांचं आडनाव कॉली. इंग्लंडातून आयर्लंडला जाऊन स्थिरावलेलं घराणं, किल्डेअर परगण्यात कार्बरीला त्यांची गढी. शेजारच्या मीथ परगण्यात वेस्ली नावाचं जुनं घराणं होतं, त्यांच्याकडे डँगन आणि मॉर्निंग्टन या दोन जमिनी. त्या घरचा शेवटचा मालक गॅरेट वेस्ली १७२८ ला निपुत्रिक वारला. त्याने मृत्युपत्र केलं होतं. जमीन आपला मामेभाऊ रिचर्ड कॉली याला, पण एका अटीवर. त्याने कॉली हे आडनाव टाकायचं, वेस्लीचं नाव आणि कुळचिन्ह घ्यायचं. कॉलीने घेतलं. गादीवर बसला तो वेस्ली म्हणूनच.

मामा : म्हणजे आपल्याकडचं दत्तकच की.

मी : होम सोडून बाकी सगळं. असंही सांगतात, की त्याआधी गॅरेटने इंग्लंडातल्या चार्ल्स वेस्ली नावाच्या मुलाला वारस म्हणून बोलावलं होतं. तो आला नाही. तो पुढे मोठा भजनकार झाला, मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीचा भाऊ.

मामा : आला असता तर?

मी : तर असईला दुसरंच कोणी आलं असतं. असो. या नव्या वेस्लीला १७४६ मध्ये राजाने मॉर्निंग्टनचा बॅरन केलं, आयर्लंडच्या उमरावांत. बॉइन नदी समुद्राला मिळते तिथे मॉर्निंग्टन हे गाव आहे. मी पाहिलं आहे. वाळू, गवत, एक जुना मनोरा, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. तेवढ्या गावाच्या नावाचा किताब. त्याचा मुलगा गॅरेट १७६० ला अर्ल झाला. हा गॅरेट संगीतात बुडालेला. १७६४ ला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा पहिला प्राध्यापक नेमला गेला तो हाच.

मामा : अर्ल आणि संगीताचा प्राध्यापक! हे मला माहीत नव्हतं.

मी : त्याने बांधलेल्या चाली चर्चमध्ये गायल्या जात. पण जमिनीकडे लक्ष नाही, घर गहाणवटींनी भरलेलं. १७८१ ला तो गेला. रिचर्डला तेव्हा एकविसावं पूर्ण व्हायला महिना कमी. त्याने बापाचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं. आई अ‍ॅन खर्च झेपेना म्हणून पुढे काही काळ ब्रसेल्सला जाऊन राहिली, आर्थरला सोबत घेऊन. ईटनची शाळा त्याला सोडावी लागली. १७९३ मध्ये या आर्थरने लॉंगफर्डच्या उमराव घरातली मुलगी मागितली, किटी पाकेनम. तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं. पैसा नाही, बढतीची आशा नाही. आर्थर व्हायोलिन वाजवत असे, बापाचं ते एवढंच त्याच्याकडे आलं होतं. त्याने व्हायोलिन जाळून टाकलं आणि सैन्यात मन घातलं.

मामा काही बोलले नाहीत. भिंग पुसत राहिले. मामांच्या तरुणपणी घरात पेटी होती आणि ती कोणाच्या तरी लग्नाच्या खर्चात गेली, हे मला आईकडून माहीत आहे.

मामा : व्हायोलिन जाळणं हा हिशेब नव्हे, पोरी. तो अपमानच आहे. तू माझंच म्हणणं सांगते आहेस.

मी : अपमान पैशाच्या दारातून आला. किताब घरात होता की! अर्लचा भाऊ होता तो. तरी मुलगी मिळाली नाही, कारण किताबामागे काही शिल्लक नव्हतं. रिचर्डने १७९० च्या दशकात डँगनसुद्धा विकून टाकलं. ज्या जमिनीसाठी आजोबांनी आडनाव बदललं, ती नातवाने विकली आणि नाव मात्र ठेवलं. उलट १७८९ ला वेस्लीचं जुनं रूप शोधून वेलस्ली असं भारदस्त केलं. आर्थर १७९८ ला हिंदुस्थानात असताना तशी सही करायला लागला. डँगनचा वाडा पुढे १८०९ ला आगीत जळाला, भिंती उभ्या आहेत. त्यात आता आकाश दिसतं.

मामा : मला आता हे सांग, की आयर्लंडचा उमराव म्हणजे नेमकं काय? पुस्तकांत एवढंच असतं की तो कमी दर्जाचा. पण कमी म्हणजे काय कमी?

मी : खुर्ची कमी. आयर्लंडची संसद डब्लिनला वेगळी होती, तिचं उमरावांचं सभागृह वेगळं. आयरिश उमराव तिथे बसे. लंडनच्या उमराव सभेत त्याला जागा नाही. म्हणून लंडनच्या सरकारला कोणाला खूश करायचं असलं आणि आपल्या सभेत घ्यायचं नसलं, की आयर्लंडचा किताब. क्लाइव्हला प्लासीनंतर तेच मिळालं. १७६२ मध्ये प्लासीचा बॅरन क्लाइव्ह, आयरिश. त्याने आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात जमीन घेतली आणि तिला प्लासी नाव दिलं. बंगालमधल्या आमराईचं नाव त्या ओल्या रानाला.

मामा : मग रिचर्ड १७८४ ला लंडनच्या खालच्या सभागृहात निवडून आला, ते कसं?

मी : तीच तर गंमत आहे त्या किताबाची. लंडनच्या लेखी तो उमराव नाही, म्हणून सामान्यांच्या सभेत उभा राहू शकतो. डब्लिनला उमराव, लंडनला लोकप्रतिनिधी. १७९७ ला त्याला इंग्लंडचा बॅरन केलं, तेव्हा वरच्या सभेत जागा मिळाली. म्हणजे १७९९ चा मार्क्विस किताब आला तेव्हा त्याला त्यातून एकही नवा अधिकार मिळणार नव्हता. फक्त पत्रावर लिहायचा शब्द बदलणार होता. सरकारला त्याचा एक पैसा खर्च आला नाही. माझं म्हणणं ते आहे, मामा. किताब फुकटात देता येतो, म्हणूनच दिला जातो. पैसा मात्र कुठून तरी काढावाच लागतो. कंपनीने त्याला वर्षाला ५,००० पौंड वीस वर्षं द्यायचं ठरवलं, ते या रागावरचं औषध होतं.

मामा : आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीतले १,००,००० पौंड देऊ केले ते त्याने घेतले नाहीत, हेही तू सांगायला हवंस. कर्जात बुडालेला माणूस लाखावर पाणी सोडतो आणि एका शब्दासाठी आजारी पडतो. इथे तुझी खातेवही मला अपुरी वाटते.

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मामांनी ते पाहिलं आणि पुढे रेटलं नाही. ते नेहमीच असे वागतात. वर्गातही तसंच असणार.

मी : बरं, लाख पौंड नाकारले. पण लष्कराने त्याला सेंट पॅट्रिकच्या मानाचा तारा करून दिला. आयर्लंडच्या त्या मानचिन्हात टिपूच्या खजिन्यातले जडजवाहीर बसवलेले होते. तो तारा त्याने घेतला. आर्थर हिंदुस्थानातून परतला तो सुमारे ४२,००० पौंड जमवून. आणि १८०६ ला किटी पाकेनमशी लग्न झालं. त्याच घराने त्याच मुलाला तीच मुलगी दिली. मध्ये काय बदललं? मध्ये अहमदनगरचा किल्ला आला, असई आली, अडगाव आलं, गाविलगड आला.

मामा : असईला त्याच्या बाजूची सुमारे सोळाशे माणसं पडली किंवा जखमी झाली. आणि त्यातले कितीतरी आपलेच, मद्रासकडचे शिपाई. शिंद्यांची पायदळं, तोफांवर मरेपर्यंत उभे राहिलेले गोलंदाज, त्यांचा तर धड हिशेबही नाही. म्हातारपणी आर्थरला विचारलं, की लढाईत तुमच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम कोणतं. त्याने वॉटर्लू म्हटलं नाही. असई म्हणाला. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा मुलं ताठ बसायची. आपल्याशी लढणं त्याला सर्वांत अवघड गेलं, असं त्यांना वाटायचं. मलाही वाटतं.

मी : डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये त्याचा स्तंभ आहे. साठ मीटरांहून उंच. खाली तीन बाजूंना ओतीव चित्रं आहेत, वॉटर्लूला पकडलेल्या तोफांच्या धातूची. एक वॉटर्लूचं, एक धर्मस्वातंत्र्याचं, आणि एक हिंदुस्थानातल्या लढायांचं. रविवारी पोरं त्या उतरत्या पायऱ्यांवरून घसरत असतात. पहिल्यांदा मी तिथे गेले, ते हिंदुस्थानचं चित्र शोधत बराच वेळ उभी राहिले. माझ्यासोबतच्या आयरिश मैत्रिणीने विचारलं, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का यात? मी तिला जालना जिल्हा सांगितला.

मामा : तिचं काय मत या घराण्याबद्दल?

मी : ती यांना आयरिश मानतच नाही. तबेल्यात जन्मला म्हणून माणूस घोडा होत नाही, हे वाक्य लोक ड्यूकच्याच, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या आर्थरच्याच तोंडी घालतात, आणि तो स्वतःला आयरिश म्हणवून घ्यायला तयार नव्हता असं सांगतात. खरं तर ते ड्यूकबद्दल डॅनियल ओकॉनेलने १८४३ मध्ये म्हटलं होतं. आयर्लंडच्या कॅथलिकांचा पुढारी तो. त्याचा अर्थ उलटा आहे, आम्ही तुला आमच्यातला मानत नाही. मॉर्निंग्टनची जमीन कसणारी कुळं कॅथलिक, मालक प्रोटेस्टंट. अठराव्या शतकात बराच काळ कॅथलिकाला जमीन विकत घ्यायची मुभा नव्हती, संसदेत बसायची तर १८२९ पर्यंत नव्हती. ज्या देशाच्या नावाचा किताब, त्या देशातल्या बहुतेकांना त्या किताबाच्या सभेत पाय ठेवता येत नव्हता.

मामा : पण १८२९ चा तो कायदा केला कोणी? ड्यूकनेच, पंतप्रधान असताना. त्यासाठी एका अर्लशी पिस्तुलं घेऊन द्वंद्व खेळला. आणि आपला रिचर्ड, त्याला १८२१ ला आयर्लंडचा कारभार पाहायला पाठवलं, तेव्हा कॅथलिकांना सवलती द्याव्यात या मताचाच होता. नाटकगृहात कट्टर प्रोटेस्टंटांनी त्याच्या दिशेने बाटली भिरकावली. दुसरं लग्न केलं तेही अमेरिकेतल्या कॅथलिक विधवेशी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सही, त्या कॅरलची नात. ही माणसं एका रंगाची नाहीत. मी वर्गात त्याला नुसता साम्राज्यवादी म्हणून सोडून देत नसे. त्याने फोर्ट विल्यम कॉलेज काढलं १८०० ला, कंपनीच्या संचालकांना खर्च नको असताना. तिथे विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांना हाताशी धरून मराठी शिकवलं. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, १८१० ला कोश, तोही मोडी अक्षरांत. ज्या वेळी एक भाऊ मराठ्यांच्या तोफा घेत होता, त्याच वेळी दुसऱ्याच्या कॉलेजात मराठी शब्द टिपले जात होते. मला दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्या लागतात.

मी : व्याकरण हवं होतं ते अंमलदारांना. आणि १८२९ चं म्हणाल, तर त्याच वेळी दुसरा कायदा करून आयर्लंडच्या लहान शेतकऱ्यांचा मताधिकार काढून घेतला. आधी चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असली की मत होतं, ती अट दहा पौंडांवर नेली. म्हणजे संसदेचं दार उघडलं आणि दाराशी आलेल्या गर्दीतली बहुतेक माणसं माघारी पाठवली.

मामा : हे मला माहीत नव्हतं. (थोडं थांबून) चांगलं सांगितलंस.

मग त्यांनी डबीतून एक मोठं रुप्याचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. जड होतं. घोड्यावर बसून अजगराला मारणारा सेंट जॉर्ज, दुसऱ्या बाजूला तिसरा जॉर्ज. १८१९ सालचा क्राउन. मामांनी विजेरी धरली, मी भिंग डोळ्याला लावलं. कडेच्या पट्ट्याच्या बकलापाशी नक्षीचा ओरखडा वाटावा अशी तीन बारीक अक्षरं होती. डब्ल्यू, डब्ल्यू, पी.

मामा : विल्यम वेलस्ली-पोल. मधला भाऊ. टांकसाळीचा प्रमुख होता तेव्हा. देशाचं सगळं रुप्याचं चलन नव्याने पाडायचं मोठं काम त्याने केलं, आणि राजाच्या नाण्यावर आपली आद्याक्षरं घातली. हे बघ, आणि मग मला सांग की यांना मानाची भूक नव्हती.

मी : भूक होतीच. वेलिंग्टन हे नावही यानेच निवडलं. आर्थरला १८०९ ला किताब द्यायचा होता, तो स्वतः स्पेनमध्ये होता. विल्यमने नकाशात वेलस्लीच्या जवळ जाणारं गाव शोधलं, सॉमरसेटमधलं वेलिंग्टन. तेव्हा मान आणि पैसा वेगळे काढता येत नाहीत हे मी मान्य करते. रिचर्डने लाख पौंड नाकारले, तेही मी मान्य करते. पण मला दुसरंच बोलायचं आहे. रिचर्डचं पुढे काय झालं?

मामा : १८४२ ला वारला. मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबर गेला.

मी : का गेला?

मामा : मुलगा नव्हता.

मी : होते. तीन मुलगे होते, दोन मुली. गॅब्रिएल रोलाँ नावाच्या फ्रेंच बाईपासून झालेले. पण लग्न झालं १७९४ ला, आणि मुलं त्याआधीची. कायद्याच्या नजरेत ती वारस नाहीत. ज्या किताबाला बटाटा म्हटलं तो तिथेच संपला, आणि मॉर्निंग्टनची अर्लकी भावाकडे, या तुमच्या नाणेवाल्या विल्यमकडे गेली. त्याच पाचांतली अ‍ॅन नावाची मुलगी बेंटिंक घराण्यात दिली होती. तिची पणती म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची आई. किताब मिळायला ते रक्त चाललं नाही, सिंहासनावर चाललं.

मामा : कायदा कायदाच. तो त्यांनी स्वतःलाही लावला.

मी : आता साताऱ्यावर या, मामा. १८४८.

मामा एकदम सावरून बसले. सातारा हा त्यांच्या शिकवण्यातला आवडता धडा आहे. मी लहानपणी सुट्टीत आले की माझ्याकडून पाठ करून घ्यायचे.

मामा : शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मरणाआधी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो मानला नाही. औरस वारस नाही म्हणून राज्य खालसा. मग १८५४ ला नागपूर, तिथेही तेच. राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात काढले.

मी : आणि मॉर्निंग्टनची जमीन कॉलीला कशी मिळाली होती?

मामांचं नाणं धरलेलं बोट तसंच राहिलं. ओट्यावर थोडा वेळ फक्त रातकिड्यांचा आवाज.

मामा : मृत्युपत्राने. नाव घ्यायच्या अटीवर.

मी : निपुत्रिकाने आपलं नाव पुढे चालावं म्हणून मामाच्या मुलाला आणून बसवला. सगळ्यांनी मान्य केलं. अठरा वर्षांनी राजाने त्यालाच उमराव केलं. त्याचा नातू गव्हर्नर जनरल होऊन आला आणि शिंदे, भोसले, पेशवे यांना कंबरेत वाकवणारे तह करून गेला. ते झालं नसतं तर डलहौसीला साताऱ्याच्या महाराजांचा दत्तक मोडायची ताकद आली असती का?

मामा : तू फार जोडते आहेस. डलहौसी वेगळा, काळ वेगळा. आणि बारीक बघितलंस तर इंग्रजांचा नियम सारखाच आहे. मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही द्या, पण किताब औरस पुरुषालाच. कॉलीला जमीन मिळाली, किताब राजाने नंतर वेगळा दिला. रिचर्डचा किताब औरस नाही म्हणून बुडाला. सातारा हे राज्य, म्हणजे किताबासारखं. त्यांनी तोच नियम लावला.

मी : लावला. पण किताब बुडाला तेव्हा रिचर्डच्या घरातली एक वीटसुद्धा सरकारने नेली नाही. शब्द तेवढा गेला. साताऱ्यात वारस नाकारला आणि मुलूख, महसूल, किल्ले, सगळं कोणाकडे गेलं? वारस आहे की नाही हे ठरवणाऱ्याकडेच. आमच्या कामात असं कोणी केलं तर ते खातं मी सही करून पुढे सोडणार नाही. ज्याने निकाल द्यायचा त्यालाच जर निकालातून मिळकत होणार असेल, तर नियम सारखा असून काय उपयोग?

मामा बराच वेळ काही म्हणाले नाहीत. आतून मामींची जेवणाची हाक आली. ते ‘आलो’ म्हणाले आणि बसूनच राहिले.

मामा : हे मी चौतीस वर्षांत कधी असं मांडलं नाही.

मी : तुम्ही शिकवलेल्या सनावळ्या होत्या म्हणून मला जोडता आलं.

मामा : पुढे सांग. विल्यमनंतर?

मी : विल्यम १८४५ ला गेला. त्याचा मुलगा चौथा अर्ल, तोही विल्यम. त्याने कॅथरिन टिल्नी-लाँगशी लग्न केलं, इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत मुलींपैकी एक. तिचा वॉन्स्टेडचा वाडा होता, भव्य. याने एवढं कर्ज केलं की १८२२ ला वाड्यातलं सामान लिलावात गेलं आणि मग वाडाच पाडून दगड विकले. कॅथरिन १८२५ ला वारली. मुलं त्याच्या ताब्यात द्यायला न्यायालयाने नकार दिला. बाप जिवंत असताना मुलं त्याच्यापासून काढून घेणं, हे त्या काळी फार मोठं होतं. ड्यूकच्या घरच्या पैशांवर त्याने शेवटचे दिवस काढले. त्याचा मुलगा १८६३ ला अविवाहित वारला, आणि मॉर्निंग्टनचा किताब चुलत घराकडे, दुसऱ्या वेलिंग्टनच्या ड्यूककडे गेला. तेव्हापासून तो तिथेच आहे. आता ड्यूकच्या नातवाला मानाने अर्ल ऑफ मॉर्निंग्टन म्हणतात, वापरायला म्हणून.

मामा : आणि बाकीचे आयरिश उमराव?

मी : १८०१ ला आयर्लंडची संसद मोडून लंडनशी जोडली. त्यासाठी डब्लिनच्या संसदेत मतं हवी होती, तेव्हा किताब अगदी ओंजळीने वाटले. नंतर ठरलं, की आयरिश उमरावांनी आपल्यातले अठ्ठावीस जण तहहयात निवडून लंडनच्या सभेत पाठवायचे, आणि नवे किताब जुने बुडतील त्या बेतानेच द्यायचे. शेवटचा नवा किताब १८९८ चा. ओळखा कोणाला.

मामा : कर्झन!

मी : कर्झन. व्हाइसरॉय होऊन यायच्या आधी. परत गेल्यावर खालच्या सभागृहात उभं राहता यावं म्हणून त्याला आयरिश हवा होता. शेवटी १९०८ ला अठ्ठावीसांपैकी एक म्हणून तो वरच्या सभेतच गेला.

मामा : आणि तो कलकत्त्याला राहिला कुठे? रिचर्ड वेलस्लीने बांधलेल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, आणि तो वाडा बेतला होता कर्झनच्याच घराण्याच्या केडलस्टनच्या वाड्यावरून. रिचर्डने बांधला तेव्हा कर्झन जन्मलाही नव्हता. (मामा आनंदाने मांडीवर थाप मारतात.) बघ, शंभर वर्षांनी एक आयरिश किताबवाला दुसऱ्याने बांधलेल्या आपल्याच घरात राहायला आला.

मी : अठ्ठावीसांची निवडणूक १९१९ नंतर झाली नाही. आयर्लंड स्वतंत्र झालं, ती निवडणूक घेणारं खातंच उरलं नाही. त्यांतला शेवटचा माणूस १९६१ ला वारला. सभा गेली, जमीन गेली, देश वेगळा झाला. मॉर्निंग्टन आता आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहे, जिथे राजा नाही. त्या गावात फिरताना मला त्या नावाची एक पाटीसुद्धा किताबाबद्दल काही सांगणारी दिसली नाही. समुद्रावर कुत्रे फिरवणारी माणसं होती.

मामींची तिसरी हाक आली. आता मामा उठले, पण स्वयंपाकघराकडे गेले नाहीत. कपाटातून त्यांनी एक पुठ्ठ्याची जुनी वही आणली. टाचणवही. पानं पिवळी, समासात लाल शाई. साताऱ्याचं पान त्यांना शोधावं लागलं नाही, तिथे वहीची घडीच पडली आहे. ‘१८४८, सातारा खालसा, दत्तक नामंजूर’ या ओळीपाशी त्यांनी बोट ठेवलं.

मामा : ते साल काय म्हणालीस? कॉलीचं.

मी : १७२८.

त्यांनी समासात १७२८ लिहिलं. मग पेन उचलून माझ्याकडे बघितलं.

मामा : ‘कॉली’तला लि दीर्घ ना? आणि मेला त्याचं नाव गॅरेट. तो मामाच्या मुलाला बसवून गेला, हे मी खाली लिहितो. जागा आहे.